कीटकनाशकांची तांत्रिक माहिती : कोठे शोधावी, कशी पारखावी

पिकावर कीड दिसल्यानंतर विस्तार कार्यकर्त्यापुढे आणि शेतकऱ्यापुढे येणारे प्रश्न मोजकेच असतात. औषधाची मात्रा किती घ्यावी? पाणी किती लागेल? फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी? मागच्या फवारणीतील औषध आणि हे औषध एकाच गटातील तर नाही ना? फवारणी करणाऱ्यास विषबाधा झालीच, तर डॉक्टरांनी कोणता उपचार करावा? या प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक कायद्याने प्रत्येक बाटलीसोबत देणे बंधनकारक आहे. तरीही मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ती शोधू पाहणाऱ्याचा बराच वेळ खर्च होतो आणि पुष्कळदा हाती काही लागत नाही.

हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. शेताच्या बांधावर मोबाईल उघडला की प्रथम देश आणि भाषा निवडण्याची सूचना येते. पुढे भागधारकांसाठीच्या बातम्या, शाश्वततेविषयीचे अहवाल आणि नोकरीच्या संधी दिसतात. उत्पादनाच्या पानावर निरोगी पिकाचे सुंदर छायाचित्र असते. त्याखाली ‘दीर्घकाळ संरक्षण’, ‘जलद परिणाम’, ‘भरघोस उत्पन्न’ अशी वाक्ये असतात आणि शेवटी ‘वापरण्यापूर्वी लेबल वाचा’ असा सल्ला असतो. ते लेबल मात्र त्या पानावर नसते, किंवा असलेच तर दुसऱ्या देशातील असते. कधी माहिती मिळण्यापूर्वी मोबाईल क्रमांक भरावा लागतो; त्यानंतर येतो तो विक्री प्रतिनिधीचा दूरध्वनी. त्रासलेला कार्यकर्ता अखेर शोधयंत्रावर मिळालेल्या पहिल्या आकड्यावर विसंबतो. खरा धोका येथेच आहे.

संकेतस्थळे अशी का असतात?

यामागे केवळ निष्काळजीपणा आहे असे मानणे योग्य होणार नाही. कीटकनाशकाची नोंदणी देशागणिक आणि त्यातही पीक व किडीगणिक होते. एका देशात भातावर मान्य असलेला वापर शेजारच्या देशात मान्य असेलच असे नाही. अनेक देशांसाठी सामाईक असलेल्या पानावर म्हणूनच मात्रा छापता येत नाही. दुसरे कारण असे, की या संकेतस्थळांचा वाचक एकच नसतो. गुंतवणूकदार, पत्रकार, वितरक आणि नोकरी शोधणारे तरुण हे सर्व एकाच दारातून येतात, आणि त्या गर्दीत शेतकऱ्याचा नेमका प्रश्न मागे पडतो.

तिसरे कारण उद्योगातील उलथापालथीचे आहे. डाऊ आणि ड्युपॉन्ट या कंपन्या २०१७ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांचा कृषी विभाग २०१९ मध्ये कॉर्टेव्हा या नावाने वेगळा झाला. बायरने २०१८ मध्ये मोन्सॅन्टो विकत घेतली. ड्युपॉन्टच्या पीकसंरक्षण व्यवसायाचा एक मोठा भाग २०१७ मध्ये एफएमसीकडे गेला. अशा प्रत्येक हस्तांतरानंतर उत्पादनांची मालकी बदलते, जुन्या पानांचे पत्ते बदलतात आणि पूर्वी जपून ठेवलेला दुवा कधीकधी रिकाम्या पानावर नेऊन सोडतो.

जबलपूरच्या वाचकांना येथे कमानिया गेटची आठवण व्हावी. १९३९ साली शहराजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ उभारलेले हे प्रवेशद्वार दुरूनच ओळखू येते. कमान ओलांडली की आपण बाजारात शिरलो हे कळते. परंतु हवी ती वस्तू पलीकडच्या कोणत्या गल्लीत आणि कोणत्या दुकानी मिळेल, हे कमानीवर लिहिलेले नसते. वस्तूचे नाव नीट सांगून वाट विचारावी लागते. कंपनीचे मुखपृष्ठ ही अशीच कमान आहे. ती पाहून परत फिरण्यापेक्षा वस्तूचे नेमके नाव आणि ती मिळण्याची जागा माहीत करून घेणे श्रेयस्कर.

पहिली पायरी : नाव नीट सांगणे

कीटकनाशकाला तीन ओळखी असतात. पहिली व्यापारी नावाची, म्हणजे ब्रँडची. दुसरी सक्रिय घटकाच्या सामान्य नावाची. तिसरी त्या घटकाच्या टक्केवारीची आणि रूपाची. शोध घेताना ब्रँडचे नाव सर्वांत कमी उपयोगी पडते. एकच घटक अनेक नावांनी विकला जातो. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल या कीटकनाशकाच्या भारतातील पेटंटची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर ते अनेक कंपन्यांच्या नावांनी बाजारात आले. याउलट, ओळखीच्या ब्रँडपुढे ‘प्लस’ किंवा ‘सुपर’ असा शब्द जोडलेला दिसला, तर आतील घटक वेगळा किंवा मिश्र असू शकतो.

टक्केवारी आणि रूप यांकडे दुर्लक्ष करणे त्याहून घातक ठरते. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी हे द्रवरूप औषध भातावर हेक्टरी १५० मिली या प्रमाणात मान्य आहे. त्याच घटकाचे ०.४ टक्के दाणेदार रूप भातातच हेक्टरी १० किलो लागते. केवळ ‘क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल’ एवढेच शोधणाऱ्यास यांपैकी कोणताही आकडा समोर येऊ शकतो.

परदेशी पानांवर आणखी एक गोंधळ वाट पाहत असतो. आपल्याकडे ‘१८.५ टक्के’ असे लिहिलेले औषध तेथे ‘२००’ या आकड्याने दिसते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. भारतातील टक्केवारी वजनास वजन या हिशोबाने दिलेली असते, तर परदेशातील आकडा एक लिटर द्रवात किती ग्रॅम सक्रिय घटक आहे ते सांगतो. हे द्रव पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याच्या १०० ग्रॅममध्ये १८.५ ग्रॅम घटक असला, तरी एका लिटरमध्ये तो सुमारे २०० ग्रॅम भरतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल आणि ‘२०० एसएल’ यांचे नातेही हेच आहे. ही बाब ठाऊक नसलेला वाचक दोन्हींना वेगळी औषधे समजतो आणि मात्रेत नसते फेरफार करतो.

दुसरी पायरी : कायद्याने दिलेला कागद वाचणे

कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक वेष्टनावर लेबल आणि वेष्टनात माहितीपत्रक असणे आवश्यक आहे. कोणत्या पिकावर व कोणत्या किडीसाठी औषध वापरावे, ते कसे वापरावे, विषबाधेची लक्षणे कोणती, प्रथमोपचार काय, उतारा कोणता, साठवण कशी करावी आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट कशी लावावी, हे सर्व त्या पत्रकात असते. त्याचा मजकूर नोंदणीच्या वेळी मंजूर झालेला असतो. विशेष म्हणजे लेबल आणि पत्रक हिंदी व इंग्रजीसोबत विक्रीच्या प्रदेशातील एका किंवा दोन प्रादेशिक भाषांत छापावे, अशी तरतूद आहे. संकेतस्थळावर मराठीत न मिळणारी माहिती डब्यातील घडी केलेल्या कागदावर मराठीत मिळू शकते, ती याच नियमामुळे.

लेबलवर हिऱ्याच्या आकाराचा रंगीत चौकोन असतो. लाल रंग अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा अल्प विषारी गट दाखवतो. हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक औषध असा समज प्रचलित आहे; तो चुकीचा आहे. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे शब्द लेबलवर छापण्यास नियमांनी मनाई केली आहे. जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवरील चित्रफितीत असे शब्द आढळले, तर ती तांत्रिक माहिती नव्हे, एवढे निश्चित समजावे.

या पत्रकाच्या अडचणीही खऱ्या आहेत. अक्षरे अतिशय बारीक असतात, आणि फवारणीच्या घाईत कागद बांधावरच राहून जातो. यावर साधा उपाय आहे. खरेदीच्या वेळीच लेबलच्या चारही बाजूंची आणि पत्रकाच्या मराठी भागाची मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. पडद्यावर अक्षर मोठे करता येते आणि कागद हरवला तरी नोंद राहते. पत्रक नसलेले वेष्टन घेऊ नये आणि खरेदीची पावती मागून घ्यावी.

एकच औषध, निरनिराळे दिवस

काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी ही संकेतस्थळांवर सर्वांत कमी आढळणारी आणि शेतमालाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होय. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससीचेच उदाहरण घ्यावे. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी त्याची मान्य मात्रा हेक्टरी ५० मिली असून प्रतीक्षा कालावधी ३ दिवसांचा आहे. कपाशीवर १५० मिली आणि ९ दिवस. सोयाबीनवर १५० मिली आणि २९ दिवस. भातावर १५० मिली आणि ४७ दिवस. उसावर ३७५ मिली आणि २०८ दिवस.

कपाशी, सोयाबीन आणि भात यांची हेक्टरी मात्रा सारखीच असूनही दिवस वेगळे आहेत, हे लक्षात घ्यावे. प्रतीक्षा कालावधी हा केवळ रसायनाचा गुणधर्म नसतो. त्या पिकाच्या कोणत्या अवस्थेत औषध दिले, किती दिले आणि खाण्याच्या भागात त्याचा अंश किती उरला, याच्या चाचण्यांवर तो ठरतो. उसात हे औषध पिकाच्या वाढीच्या सुरुवातीच्या काळात दिले जाते, म्हणून तेथील आकडा इतका मोठा दिसतो. कोबीचे ३ दिवस भाताला लावणारी व्यक्ती औषधाचे नाव बरोबर सांगत असते, तरीही तिचा सल्ला चुकीचा ठरतो.

मात्रेच्या हिशोबातही अशीच काळजी हवी. हेक्टरी १५० मिली म्हणजे एकरी सुमारे ६० मिली. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर १० लिटर पाण्यात ३ मिली औषध येते. पीक लहान असल्यामुळे किंवा पंप वेगळा असल्यामुळे पाणी निम्मेच लागले आणि प्रमाण मात्र १० लिटरला ३ मिली असेच ठेवले, तर एकरी औषध निम्मेच पडते. लेबलवरील पाण्याचे प्रमाण पाळणे हा उत्तम मार्ग. हिशोब करताना मूळ आधार क्षेत्राचा धरावा, पंपाचा नव्हे.

तिसरी पायरी : शासकीय यादीशी पडताळणी

लेबलवरील मजकुराचा उगम केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे आहे. फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या संकेतस्थळावर कीटकनाशकांच्या मान्य वापरांची संकलित यादी मिळते. पीक, कीड, सक्रिय घटकाचे प्रमाण, औषधाची मात्रा, पाणी आणि प्रतीक्षा कालावधी असे तिचे रकाने असतात. तिच्यात ब्रँडची नावे नसतात, छायाचित्रे नसतात आणि भाषा इंग्रजी आहे. तथापि सामान्य नाव आणि टक्केवारी ठाऊक असलेल्यास काही मिनिटांत उत्तर मिळते. यादी उतरवून घेताना तिच्यावरील दिनांक अवश्य नोंदवावा.

दिनांकाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढलेल्या आदेशाने काही कीटकनाशके बंद केली आणि काहींचे ठरावीक पिकांवरील वापर रद्द केले. मॅलॅथिऑनच्या रद्द झालेल्या वापरांत वाटाणा आहे, तर क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत लिंबूवर्गीय पिके आहेत. जबलपूर परिसरातील हिरव्या वाटाण्याच्या उत्पादकांना पहिली, आणि पांढुर्णा-सौसर व नागपूर-अमरावतीच्या संत्रा उत्पादकांना दुसरी बाब थेट लागू पडते. जुने वेबपान, जुनी पुस्तिका किंवा कोणीतरी पुढे पाठवलेला तक्ता अजूनही हे वापर दाखवत असू शकतो. पान जुने झाले की त्यावर तसे लिहून येत नाही.

यानंतर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीकडे वळावे. नोंदणी समितीची यादी काय वापरता येईल ते सांगते. आपल्या भागातील किडीवर सध्या काय वापरणे हिताचे आहे, आर्थिक नुकसान पातळी किती आणि फवारणीची गरज खरोखर आहे काय, हे विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्र सांगू शकते. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जबलपूर येथेच आहे. विदर्भातील वाचकांसाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस व लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहेत. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही मराठीतून उपयोगी पडतो.

गट क्रमांक : ब्रँड बदलला, विष तेच

रसशोषक किडींसाठी शेतकरी एकामागून एक तीन औषधे फवारतो आणि आपण औषध बदलून पाहिले असे सांगतो. ती तीन औषधे इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड आणि थायामेथोक्झाम असतील, तर प्रत्यक्षात बदल झालेलाच नसतो. कीटकनाशक प्रतिकारक्षमता कृती समितीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही तिन्ही ‘४ए’ या एकाच गटात येतात आणि किडीच्या मज्जासंस्थेवर एकाच ठिकाणी आघात करतात. पहिल्यातून बचावलेल्या किडी दुसऱ्यातूनही बचावण्याची शक्यता वाढते. फ्लोनिकामिड (गट २९) किंवा डायफेन्थ्युरॉन (गट १२ए) यांची कार्यपद्धती वेगळी आहे. अर्थात वेगळा गट निवडतानाही त्या पिकावर मान्यता आहे की नाही, हे प्रथम पाहावे. हे वर्गीकरण समितीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असून त्याचा छापील तक्ता कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

माहितीअभावी जीवावर बेतते तेव्हा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेक ठिकाणी एकाहून अधिक औषधे मिसळून फवारली गेली होती. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कोणते औषध फवारले?’ हाच असतो. प्रोफेनोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपिन दिले जाते. इतर अनेक गटांतील विषांना विशिष्ट उतारा नसतो. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. ‘पांढऱ्या बाटलीतले औषध’ एवढेच सांगणारा नातेवाईक डॉक्टरांना मदत करू शकत नाही, आणि त्या क्षणी कंपनीचे संकेतस्थळ धुंडाळण्यास वेळही नसतो.

म्हणून रुग्णासोबत बाटली, लेबल किंवा निदान त्याचे छायाचित्र नेणे हे प्रथमोपचाराइतकेच आवश्यक समजावे. फवारणी करणारा मजूर असेल, तर ते छायाचित्र मालकाच्या मोबाईलमध्ये असून भागत नाही; मजुराच्या घरीही पोचले पाहिजे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मार्गदर्शन करते. हा क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कृषी सेवा केंद्रात दर्शनी भागी असावा.

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एक दस्तऐवज मात्र तुलनेने सहज सापडतो. तो म्हणजे ‘सेफ्टी डेटा शीट’. त्याची सोळा भागांची रचना जगभर सारखी आहे. चौथा भाग प्रथमोपचाराचा, सहावा सांडलेले औषध आवरण्याचा, सातवा हाताळणी व साठवणीचा आणि आठवा संरक्षक साधनांचा असतो. पिकावरील मात्रा त्यात शोधू नये; ती तेथे नसते. डॉक्टर, गोदामपाल आणि वाहतूकदार यांच्यासाठी हा दस्तऐवज उपयुक्त आहे.

चांगली माहिती कशी असते?

माहिती सुटसुटीतपणे देणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्यास महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांचे उदाहरण दाखवावे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांची मोठी अडवणूक झाली आणि उत्पादकांना त्याची झळ सोसावी लागली. निर्यातक्षम द्राक्षांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येणारी शिफारस केलेल्या रसायनांची यादी आज बागाईतदारांमध्ये ‘ॲनेक्शर ५’ या नावाने परिचित आहे. रसायन, कोणत्या रोगकिडीसाठी, मात्रा, कमाल अंश मर्यादा आणि काढणीपूर्वीचे दिवस हे सर्व त्यात एकत्र मिळते आणि यादी वेळोवेळी सुधारली जाते. नाशिक-सांगलीचा बागाईतदार ती यादी पाहिल्याशिवाय फवारणी ठरवत नाही. तिचे मोल तिच्या मांडणीत आहे : एक तक्ता, त्यावर दिनांक आणि त्यामागे जबाबदार संस्था.

कंपन्यांकडून अपेक्षा यापेक्षा अधिक नाही. प्रत्येक उत्पादनाचे एक कायमचे पान असावे, त्यावर मंजूर लेबल व पत्रक मराठीसह प्रादेशिक भाषांत दिनांकासह ठेवावे आणि त्यासाठी मोबाईल क्रमांक मागू नये. बाटलीवरील क्यूआर कोड केवळ औषध अस्सल आहे काय एवढेच न सांगता थेट त्या पत्रकापर्यंत न्यावा. हा मजकूर कंपन्यांकडे तयारच आहे, कारण त्याखेरीज नोंदणीच होत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मोठी खरेदी करताना ही मागणी लेखी करावी. खरेदीदाराच्या पत्राला विक्रेता सहसा उत्तर देतो.

तोपर्यंत प्रत्येक गावासाठी एक साधी फाईल पुरेशी आहे. गावातील प्रमुख पिकांवर वापरल्या जाणाऱ्या दहा-बारा औषधांचे सामान्य नाव, टक्केवारी, गट क्रमांक, पीकनिहाय मात्रा, प्रतीक्षा कालावधी आणि उतारा यांची नोंद तिच्यात करावी. प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या कागदावरून आणि कोणत्या दिवशी घेतली, हे लिहावे. खरिपापूर्वी एकदा आणि रब्बीपूर्वी एकदा ती शासकीय यादीशी ताडून पाहावी. हे काम दोन दिवसांचे आहे, आणि फवारणीच्या ऐन हंगामात बांधावर उभे राहून शोधाशोध करण्यापेक्षा ते मे महिन्यात करून ठेवणे केव्हाही सोपे.